छाटणी : बागेतली आणि कारखान्यातली

वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर, इतिहासावर, अध्यात्मावर बोलणारे विद्वान येतात. मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण जिनिंगच्या आवारात व वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून मोठा विषय न घेता मी एकच शब्द घेतला आहे. तो शब्द माळ्याचा आहे. आणि ज्या कामगारांत मी गेली तीस वर्षे वावरतो त्यांच्याही तोंडी तो वारंवार येतो. माळी तो उत्साहाने उच्चारतो, कामगार धास्तीने. तो शब्द म्हणजे ‘छाटणी’.

माझे म्हणणे आधीच थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकणे सोपे जाईल. बागेतला शब्द कारखान्यात आणायला कोणाची हरकत नाही. भाषा अशीच वाढते. पण शब्द आणताना त्या शब्दामागचे बागेचे नियमही बरोबर आणले पाहिजेत. नियम बागेतच ठेवून नुसता शब्द उचलला, तर तोडीलाही छाटणी म्हणता येते. आणि नाव गोड मिळाले की घाव कोणाला दिसत नाही.

बागेतला अर्थ

छाटणे म्हणजे कापणे, असे कोणीही सांगेल. पण कापण्याचे प्रकार पुष्कळ आहेत आणि आपल्या शेतकऱ्याने प्रत्येकाला वेगळे नाव दिलेले आहे. सोयाबीन सोंगतात, कापूस वेचतात, पऱ्हाटी उपटतात, निंदण काढतात, सागवान तोडतात. सोंगणीत पीक हाती येते आणि झाड संपते. तोडीत लाकूड हाती येते आणि झाड संपते. निंदणीत नको असलेले रोप मुळासकट जाते. छाटणीचा मामला उलटा आहे. तिच्यात कापलेला भाग आपल्याला नको असतो. हवे असते ते मागे उभे राहिलेले झाड. सगळ्या कापण्यांमध्ये ही एकच कापणी अशी, की जी करताना माळ्याची नजर हातातल्या फांदीवर नसून झाडावर असते.

संत्र्याचे उदाहरण घ्या. आपल्या विदर्भात ते घरोघर ठाऊक आहे. तोडा झाला की बागाईतदार झाडाभोवती फिरतो आणि प्रथम वाळलेल्या काड्या काढतो. त्यांना आपल्याकडे ‘सल’ म्हणतात. सल झाडावर राहिली तर तिच्यावर बुरशी वाढते आणि ती हिरव्या फांदीत उतरते. मग तो खोडातून सरळ वर गेलेले, जोमदार दिसणारे पण फळ न देणारे फुटवे काढतो. ते ‘पाणसोट’. पाणसोट अन्न खातो, सावली धरतो आणि देत काही नाही. त्यानंतर एकमेकींना घासणाऱ्या, आत शिरलेल्या फांद्यांवर हात जातो, म्हणजे झाडाच्या पोटात ऊन-वारा खेळतो.

बोरीची तऱ्हा वेगळी. बोर नव्या फुटीवर लागते, म्हणून फळ संपल्यावर उन्हाळ्यात बोरीची चांगली जबर छाटणी करतात. न केली तर पुढच्या वर्षी बोरे लहान आणि थोडी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी, तिच्याने वेलीची काडी तयार होते. आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी, तिच्याने घड येतो. आपल्या जिल्ह्यातल्या जंगलात तेंदूची झुडपे फेब्रुवारी-मार्चात छाटतात, तेव्हा कुठे विडीला चालेल असे कोवळे, रुंद पान उन्हाळ्यात निघते. तुरीचा शेंडा खुडतात तोही ह्याच हेतूने, की एका शेंड्याच्या जागी चार फांद्या फुटाव्यात. खुडणी ही छाटणीची धाकटी बहीणच म्हणायची.

ह्या सर्व उदाहरणांतून माळ्याचे पाच नियम निघतात. मी ते पुस्तकात वाचले त्याच्या आधी नेरकडच्या एका म्हाताऱ्या माळ्याकडून ऐकले. तो म्हणाला होता, “भाऊ, कापाले काय लागते? कुऱ्हाड सारेच चालवतात. पन छाटाले झाड समजा लागते.”

पहिला नियम : झाड उभे राहिले पाहिजे आणि छाटणी झाडाच्याच भल्यासाठी असली पाहिजे. पाने हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. एकदम फार फांद्या उतरवल्या तर झाड उपाशी पडते, शिवाय आपल्याकडच्या उन्हाने उघडे पडलेले खोड भाजते.

दुसरा नियम हंगामाचा. झाड विश्रांतीत असताना, फळ उतरल्यावर छाटावे. भरल्या बहारात कोणी कात्री लावीत नाही.

तिसरा नियम क्रमाचा. आधी सल, मग रोगट, मग पाणसोट, आणि फळणारी फांदी अगदी शेवटी, तीही फारच अडचण असेल तर.

चौथा नियम डोळा राखण्याचा. फांदीवर जिथून नवी फूट निघते त्या जागेला बागाईतदार ‘डोळा’ म्हणतो. द्राक्षवाला काडीवर किती डोळे ठेवायचे ते मोजून मग कात्री लावतो. डोळा ठेवला तर फूट. डोळाच कापला तर ती काडी गेली.

पाचवा नियम घाव बांधण्याचा. जाड फांदी कापायची तर आधी खालून खाच घेतात, म्हणजे ती पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. कापल्यावर त्या जागी बोर्डो मलम लावतात : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. घाव उघडा सोडून जाणाऱ्या माळ्याला दुसऱ्या वर्षी कोणी बोलावीत नाही.

शब्द कारखान्यात कसा आला

आता लाक्षणिक अर्थाकडे वळू. मराठीत हा शब्द बागेबाहेर फार पूर्वीच पडला आहे. लेखाची काटछाट होते, अंदाजपत्रकाची होते, एखाद्याचे पंख छाटले जातात, यादीतून नावे छाटली जातात. माणसाला कामावरून कमी करण्याला मात्र पुण्या-मुंबईकडे ‘कपात’ म्हणण्याची रीत जास्त आहे. आपल्या भागात कामगार ‘छाटणी’ किंवा सरळ ‘छटनी’ म्हणतो. ह्याचे कारण भूगोलात आहे. १९५६ सालापर्यंत यवतमाळ हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती, आणि कचेरीत मराठीच्या शेजारी हिंदी बसत होती. हिंदीत ह्याला ‘छँटनी’ म्हणतात, तो शब्द मराठी छाटणीच्या अगदी जवळचा, म्हणून तो आपल्या तोंडात सहज रुळला.

पण हिंदी ‘छाँटना’ ह्या क्रियापदाला दोन अर्थ आहेत : कापणे आणि निवडणे. बाजारात भाजी छाँटतात म्हणजे निवडून घेतात. आपल्या जिनिंगमध्ये बाया कापसातली कवडी आणि कचरा वेचून काढतात, तसे. म्हणजे कारखान्यातल्या छँटनीत नुसते कापणे नाही. कोण राहील आणि कोण जाईल ही निवडही आहे. सारा झगडा ह्या दुसऱ्या अर्थाचा असतो. कापावे की नाही हा एक प्रश्न. कोणाला, आणि ते ठरवणार कोण, हा दुसरा. मराठी शब्दात हा दुसरा प्रश्न लपून राहतो, हिंदीत तो उघडा आहे.

इंग्रजीतला ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्दही मुळात कापण्याचाच आहे. जुन्या फ्रेंच भाषेतल्या कापणे ह्या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला, आणि जमीन कापून केलेला खंदक म्हणजे ‘ट्रेंच’ हा त्याचा भाऊबंद. आरंभी हा शब्द माणसांना लागत नव्हता, खर्चाला लागत होता. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या सरकारने खर्च कमी करण्यासाठी सर एरिक गेडिस ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींना तिथल्या लोकांनी ‘गेडिसची कुऱ्हाड’ असे नाव दिले. हिंदुस्थानात त्याच सुमारास, १९२२-२३ साली, लॉर्ड इंचकेप ह्यांची रिट्रेंचमेंट समिती बसली. समित्यांनी खर्च कापायचा म्हटले, आणि खर्चाच्या रकान्यात पाहिले तर तिथे माणसे उभी होती. अशा रीतीने खर्चाचा शब्द माणसाला लागला. ‘कुऱ्हाड’ म्हणणारे लोक ‘छाटणी’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक होते, असे मला वाटते.

१९५३ साली आपल्या देशातल्या कापडगिरण्यांत माल साचला आणि मोठ्या प्रमाणावर कामगार बसवले जातील अशी भीती निर्माण झाली. व्ही. व्ही. गिरी त्या वेळी केंद्रीय कामगार मंत्री होते. २४ ऑक्टोबर १९५३ पासून १९४७च्या औद्योगिक कलह कायद्यात एक नवे प्रकरण आले आणि रिट्रेंचमेंट हा शब्द प्रथमच कायद्यात व्याख्येसह बसला : शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपवणे. व्याख्या अशी रुंद होती. पण शब्दाच्या पोटात बाग होतीच, आणि तीन वर्षांतच ती सर्वोच्च न्यायालयापुढे उभी राहिली.

बार्शीच्या आगगाडीचा खटला

आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेसारखीच अडीच फुटी रुळांची एक गाडी बार्शीकडे धावत असे. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे. ती खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ती ताब्यात घेतली. कंपनीने त्याआधी आपल्या सर्व कामगारांना नोटिसा दिल्या, की ३१ डिसेंबर १९५३ रोजी तुमची नोकरी संपली. कामगारांनी नुकसानभरपाई मागितली. कायदा म्हणतो ‘कोणत्याही कारणाने’, तेव्हा ही छाटणीच झाली, असे त्यांचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल फिरवला.

निकालाचा गाभा एका शब्दाच्या अर्थावर होता. न्यायालय म्हणाले, की रिट्रेंचमेंटचा लोकांना समजणारा अर्थ असा, की धंदा चालू आहे आणि त्यातले जास्तीचे कामगार कमी केले जात आहेत. धंदाच संपला, किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याला हा शब्द लागत नाही. न्यायमूर्तींनी माळ्याला विचारले नव्हते. पण माळ्याचा पहिला नियमच त्यांनी सांगितला. झाड उभे असेल तरच छाटणी. झाडच गेले तर ती तोड.

अर्थाच्या दृष्टीने निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. पण परिणाम पाहा. शंभरातले दहा कामगार कमी केले तर त्या दहांना भरपाई. शंभरच्या शंभर गेले तर कोणालाच नाही. फांदीला मलम आणि तुटलेल्या झाडाला काहीच नाही, असा हा प्रकार झाला. म्हणून संसदेने १९५७ साली कायदा दुरुस्त केला. धंदा हस्तांतरित झाला किंवा बंद झाला तरीही छाटणी झाल्याप्रमाणेच भरपाई द्यावी, असे ठरले. आणि ही दुरुस्ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून लागू धरली. बंदी मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने झाली असेल तर मात्र भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरतीच, अशी एक फट ठेवली गेली.

पुढे १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पुन्हा ह्याच शब्दाचा विचार केला आणि सांगितले, की चालू धंद्यात जास्तीचे कामगार कमी करणे एवढाच संकुचित अर्थ घेऊ नये; कायद्याने लिहिलेले ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द त्यांच्या पूर्ण अर्थाने घ्यावेत. एका माळ्याच्या शब्दासाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय चौतीस वर्षे विचार करीत होते. शब्दांत काय आहे, असे विचारणाऱ्याला हे सांगावे.

माळ्याचे नियम आणि कायद्याचे नियम

१९४७चा तो कायदा आता इतिहासजमा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० सालची औद्योगिक संबंध संहिता आली. पण छाटणीचे मुख्य नियम नव्या संहितेतही आहेत, आणि ते बागेच्या नियमांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

हंगामाच्या जागी कायद्याने नोटीस ठेवली. ज्याची सलग नोकरी निदान एक वर्षाची आहे त्याला एक महिना आधी, कारण लिहून, नोटीस दिली पाहिजे; नाही तर त्या महिन्याचे वेतन. झाडाला हंगाम कळतो, माणसाला तो कळवावा लागतो.

मलमाच्या जागी भरपाई ठेवली. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. हिशेब करून पाहा. वीस वर्षे राबलेल्या माणसाला वीस गुणिले पंधरा, म्हणजे तीनशे दिवसांचे वेतन. वीस वर्षांची किंमत पुरते एक वर्षही नाही. नव्या संहितेने त्यात आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम घातली आहे. कामगाराने दुसरे कसब शिकावे म्हणून ती एका निधीतून त्याच्या खात्यात यायची आहे. पंधरा दिवसांच्या पैशांत पन्नाशीचा माणूस कोणते कसब शिकेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

डोळ्याच्या जागी पुन्हा घेण्याचा हक्क ठेवला. मालकाला परत माणसे लागली तर छाटलेल्यांना आधी विचारायचे. जुन्या कायद्यात ह्याला मुदत नव्हती. नव्या संहितेत ती एका वर्षाची आहे. डोळा राखला आहे, पण वर्षभरच तो उघडा राहील.

झाडाचे भले पाहण्याच्या जागी सरकारची परवानगी ठेवली. मोठ्या कारखान्यात छाटणी करायची तर ती खरोखर गरजेची आहे काय हे आधी सरकारने तपासावे, असा नियम १९७६ साली आला. तेव्हा तो तीनशे कामगारांच्या कारखान्याला लागू होता, १९८२च्या दुरुस्तीने तो शंभरावर आला, आणि नव्या संहितेत पुन्हा तीनशेवर गेला. आपल्या जिल्ह्यात तीनशे कामगारांचे कारखाने बोटांवर मोजावेत इतकेच. बाकीच्या बागांत माळ्याला विचारणारा कोणी नाही.

उपमा कुठे तुटते

आता राहिला क्रमाचा नियम, आणि तिथे कायदा व बाग ह्यांची फारकत होते. बागेत माळी जुने, थकलेले लाकूड आधी काढतो आणि नव्या फुटीला जागा करून देतो. कायदा नेमके उलटे सांगतो : एका प्रकारच्या कामावर जो शेवटी लागला तो आधी जाईल. क्रम मोडायचा असेल तर मालकाने त्याची कारणे नोंदवली पाहिजेत.

हे उलटे का? पुष्कळ शिकलेली माणसे मला विचारतात, की जुना कामगार थकलेला असतो, नवा चपळ असतो, मग कारखान्याच्या भल्यासाठी जुना का जाऊ नये? ह्याला माझी दोन उत्तरे आहेत. एक असे, की जुन्या फांदीने दिलेली फळे झाडाला आठवत नाहीत, पण माणसाचे तसे चालत नाही. ज्याने आपली चांगली वर्षे एका यंत्रापाशी घातली त्याला दुसऱ्या दारात कोणी उभे करीत नाही. तरुण मुळे दुसरीकडे धरू शकतो.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. फांदी वाळलेली आहे की हिरवी, हे कोणालाही दिसते. माणसाच्या बाबतीत ‘सल’ कोण आणि ‘पाणसोट’ कोण, हे कात्री हातात असलेला ठरवतो. ज्याने जादा कामाचे पैसे मागितले, ज्याने सभेत हात वर केला, ज्या बाईने संडासाची सोय मागितली, तोच पाणसोट ठरतो. नोकरीची तारीख ही एकच गोष्ट अशी आहे, की जी कोणाच्या मर्जीने बदलत नाही. म्हणून संघटनेचा माणूस छाटणीची नोटीस हातात आली की पहिल्यांदा ज्येष्ठतेची यादी मागतो. ती यादी म्हणजे कात्रीला घातलेला लगाम आहे.

आणि उपमेची सर्वांत मोठी तूट अशी, की कापलेल्या फांदीला भूक लागत नाही. तिला घरी जाऊन सांगावे लागत नाही. तिची मुले शाळेत नसतात. माळी फांदी बांधावर टाकतो, वाळल्यावर ती चुलीला लागते. कारखान्याच्या छाटणीत बांधावर पडलेले माणूस जिवंत असते. शिवाय बागेत झाड कोण आणि फांदी कोण हे निसर्गाने ठरवले आहे. कारखान्यात मालकाने स्वतःला झाडही म्हटले आणि माळीही म्हटले, आणि आपल्या वाट्याला फांदीपण आले. खोडात रस चढवणारी मुळे कोणाची, हे कोणी विचारले नाही.

छाटणी न म्हणता

ज्याला छाटणी म्हणतात ते ओळखणे त्यामानाने सोपे. जे त्या नावाने येत नाही ते ओळखणे अवघड. तिथेही बागेचे शब्द कामाला येतात.

वय झाले आणि माणूस निवृत्त झाला, ते पिकले पान. ते गळणारच, कायदाही त्याला छाटणी म्हणत नाही. स्वेच्छानिवृत्तीलाही म्हणत नाही. फांदीने आपण होऊन गळायचे ठरवले, असे तिथे धरले जाते. म्हणून स्वेच्छेच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती इच्छा कोणाची आहे, एवढे तपासून घ्यावे. मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेला कामगार हे कुंडीतले रोप. मुदत संपली की कुंडी उचलली. त्यालाही छाटणी म्हणत नाहीत.

ले-ऑफ म्हणजे ताण. संत्र्याला बहार यावा म्हणून पाणी तोडतात, जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना, आणि मग वेळेवर पाणी देतात. ताण वेळेत सोडला नाही तर बहार येण्याऐवजी झाड सुकते. कायद्यातही असेच आहे. बसवलेल्या कामगाराला मूळ पगार व महागाई भत्ता ह्यांच्या निम्मे वेतन, आणि वर्षाला पंचेचाळीस दिवसांचा मापदंड. पण पन्नासाहून कमी कामगार असतील किंवा काम हंगामी असेल, तर तेवढेही पाणी नाही.

हंगामी म्हटले की आपला जिल्हा आला. इथले जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्यात थंडावते. सलग नोकरी मोजण्यासाठी कायद्याला बारा महिन्यांत २४० दिवस लागतात. वणीकडच्या जमिनीखालच्या खाणकामगाराला १९०. जिनिंगच्या कामगाराचे २४० दिवस सहसा भरतच नाहीत. वीस हंगाम एकाच दारात काढलेला माणूस कायद्याच्या हिशेबी फांदी ठरतच नाही; तो पान ठरतो. हंगाम संपला, पान गळले, घाव नाही म्हणून मलमही नाही. ह्याला मी पानगळ म्हणतो. पण पानगळीचाही एक करार असतो. सागवान उन्हाळ्यात पाने टाकते आणि पावसाला नवी पालवी देते, त्याच फांदीवर. जिनिंगच्या कामगाराचा पहिला हक्क तोच असावा : पुढच्या हंगामात त्याच दारात, त्याच्या जुन्या क्रमाने, त्याला आधी बोलावणे. अनेक ठिकाणी हे तोंडी चालते. आमचे म्हणणे एवढेच, की ते कागदावर यावे.

ऐकणाऱ्याने काय करावे

ह्या सभेत कामगार आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, दोन-चार मालकही असतील. सर्वांना एकच विनंती. छाटणी हा शब्द कानावर आला की त्याला माळ्याचे पाच प्रश्न विचारा. झाड खरोखर उभे राहणार आहे काय, आणि हे त्याच्या भल्यासाठी आहे काय? वेळ कोणती निवडली आहे, आणि आधी सांगितले आहे काय? क्रम कोणी ठरवला आणि यादी कुठे आहे? डोळा राखला आहे काय, म्हणजे माणसे परत घेण्याचे लिहून दिले आहे काय? आणि घावाला मलम कोणते, किती, आणि कधी? पाचांचीही उत्तरे मिळाली तर ती छाटणी आहे. दुःखाची असली तरी छाटणी आहे, आणि कधीकधी ती टळत नाही हे मलाही मान्य आहे. उत्तरे मिळाली नाहीत तर तो शब्द परत बागेत पाठवा आणि जे चालले आहे त्याला तोड म्हणा.

माळ्याची कात्री आम्हांला नको आहे, असे आम्ही कधी म्हटले नाही. ती चालवणाऱ्याने झाडाखाली उभे राहून वर पाहावे, एवढेच मागणे आहे.